जावयाची सायकल

संपत सायकलवरून पडला, असं कागदावर आहे. वाघोलीच्या पुढे हायवेला लागून जो दवाखाना आहे, तिथल्या कागदावर इंग्रजीत लिहिलंय, तोल जाऊन सायकलवरून पडल्यामुळे डाव्या गुडघ्याच्या वरचं हाड मोडलं. वस्तीवर पहिल्या दिवशी यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून हा माणूस सायकलवर. मागे कॅरेजला भाजीची पाटी, हँडलला दोन्हीकडे पिशव्या, पाटीवर ओलं गोणपाट, आणि एवढं घेऊन हा बाबा चढावर शेजारच्या मोटारसायकलवाल्याशी गप्पा मारायचा. असा माणूस पडतो कसा? पण कागदावर आहे. आणि कागदावर जे आहे ते त्याच्या बायकोनंच सांगितलंय. सगळं तिथेच अडलं.

तुळजाबाईनं तसं का सांगितलं, हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्या जगाला समजावता समजावता मात्र तिच्या तोंडाला फेस आला.

धोंड्याचा महिना होता. श्रीधरच्या कल्याणीचं लग्न उन्हाळ्यात झालेलं, म्हणजे जावयाचा पहिलाच धोंडा. श्रीधर हा संपतचा चुलतभाऊ. ओढ्याच्या वरची जमीन त्यानं बिल्डरला दिली आणि दुमजली घर बांधलं. ओढ्याच्या खालचं पाणथळ रान कुणी मागितलं नाही, ते संपतकडे राहिलं. त्यात तो कोथिंबीर, मेथी, शेपू काढतो आणि सोसायट्यांच्या गेटवर नेऊन विकतो. दोन घरांच्या मध्ये एक शेवग्याचं झाड आहे. भाऊबंदकीत जितपत जमतं त्याहून यांचं बरं जमायचं. कल्याणी लहान असताना निम्मा दिवस तुळजाबाईच्या चुलीपुढे असायची. धोंड्याच्या आदल्या दिवशी अनारसे तळायलाही तुळजाबाईच होती. श्रीधरच्या प्रेमलाला ते जमत नाहीत, तिचे अनारसे तुपात पडले की हसतात, पार फुटून पसरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी संपत कोथिंबीर घेऊन निघाला. रात्रभर पाऊस पडून गेलेला, रस्ता ओला. शाळेच्या वळणाला मागून गाडी आली. पांढरी, नवीकोरी. चालवत होता जावई, शुभंकर, आणि शेजारी कल्याणी. दोघं आदल्या रात्रीच मुक्कामाला आलेली, सकाळी बाहेर निघालेली. संपतला आवाज आलाच नाही. मागून धक्का बसला आणि तो रस्त्याकडेच्या चारीत पडला, अंगावर सगळी कोथिंबीर. डाव्या पायाकडे बघितलं तर पाय भलतीकडेच वळलेला. "नाना!" म्हणून कल्याणी किंचाळली तेव्हा त्याला कळलं गाडी कुणाची ते.

"पाव्हण्यांना लागलं न्हाई ना गं?" हे संपतचं पहिलं बोलणं.

त्याच गाडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं. तुळजाबाई आणि प्रेमला मागून रिक्षानं पोचल्या. प्रेमलाच्या हाताला अजून पुरण होतं. तिनं तुळजाबाईला जिन्याखाली ओढलं.

"आक्का, पाया पडते तुमच्या. पयला धोंडा हाय. ताट मांडायचं सोडून जावयाला चौकीत बसवायचं का? पोरीला जल्मभर ऐकून घ्यावं लागंल. त्यात त्यांचं परदेशाचं चाललंय. पोलिसात नाव लागलं की पासपोर्टच अडकतोय म्हणं."

शुभंकर मागेच उभा होता. पोरगा दिसायला साधा, बोलायला गोड. त्याचे हात थरथरत होते, ते तुळजाबाईनं बघितलं आणि तिला त्याची कीवच आली. "काकू, ट्रीटमेंटचं सगळं मी बघतो," तो म्हणाला. "तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आली. लहान वयाची, हातात पेन. "काय झालं यांना? कुणी धडक दिली का?"

जावई समोर म्हणून तुळजाबाईनं पदर डोक्यावरून पुढे ओढला. "न्हाई. पडले सायकलवरनं. तोल गेला."

"नक्की?"

"व्हय."

डॉक्टरीणबाईनं लिहिलं. दुपारी ऑपरेशन झालं, मांडीत सळई घातली. संध्याकाळी प्रेमलानं डब्यातून धोंडे पाठवले, पुरणाचे, वर तूप सोडलेले. सकाळपासून उपाशी होती तुळजाबाई. तिनं बाकावर बसून दोन खाल्ले, आणि शुभंकरनं घरी जाऊन जेवण केलं की नाही याची चौकशीही केली.

दवाखान्याचं पहिलं बिल शुभंकरनं भरलं, हे खोटं कशाला बोला. दोनदा फळं घेऊन आला. संपत घरी आल्यावर एकदा फोन केला. मग त्याचा फोन लागेनासा झाला, मग लागायचा पण उचलायचा नाही, आणि एक दिवस संपतची मुलगी संस्कृती म्हणाली, "आई, त्यानं ब्लॉक केलंय आपल्याला."

"म्हंजे?"

"म्हणजे दार लावून घेतलंय."

पावसाळा सगळा तसा गेला. कोथिंबिरीला पावसाळा तसाही वाईट. पानावर पाणी साचतं, देठ काळे पडतात, एक दिवस काढायला उशीर झाला की वाफा सडतो. तुळजाबाई उजाडायच्या आत रानात उतरायची, उकिडवी बसून विळ्यानं भाजी कापायची, पाटी डोक्यावर घेऊन चिखलातून बांधावर यायची. संपत बाजेवर बसून जुड्या बांधायचा. पाय समोर काठीसारखा सरळ. सुतळी त्याच्या हातात असायची, पण डोळे रानात. एक दिवस न राहवून तो काठी टेकत वाफ्यापर्यंत गेला आणि खुरपं घेऊन बसायला लागला. डावा गुडघा वाकेचना. अर्ध्यात अडकला, ना खाली जाता येईना ना वर. तुळजाबाईनं काखेत हात घालून त्याला उचललं. तिचा चिखलाचा हात त्याच्या सदऱ्यावर उमटला.

"बसू नगा म्हणलं होतं ना!" ती ओरडली.

"मग काय हुभ्यानं खुरपू?" तो म्हणाला.

भाजीवाल्याचं सगळं काम उकिडव्यानं. पेरायचं बसून, खुरपायचं बसून, कापायचं बसून, गेटवर विकायचं तेही बसून. पाय वाकत नाही म्हणजे काय, हे खुर्चीत बसणाऱ्याला लवकर कळत नाही. संडासाला जायचीही पंचाईत. भोकाची प्लास्टिकची खुर्ची आणली, ती रोज तुळजाबाई धुवायची, आणि ती धुवायला लागली की संपत तोंड फिरवायचा.

गौरी-गणपतीनंतर संस्कृतीनं त्याला शहरातल्या हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं फोटो उजेडाला धरून बघितला. "हाड वाकडं जुळलंय. परत उघडून नीट बसवावं लागेल. आत्ता केलं तर गुडघा वाकेल. वर्ष गेलं की मग देवाचं नाव." त्यानं खर्च सांगितला.  एवढे पैसे कोथिंबिरीत नाहीत.

संस्कृती कॉमर्स कॉलेजला. तिनं सगळं वाचून काढलं. "आई, गाडीला थर्ड पार्टी इन्शुरन्स असतो. त्याच्या खिशातून एक रुपया जाणार नाही, कंपनी देते. क्लेम करायचा फक्त. त्याला एफआयआर लागतो."

"मग करू की," तुळजाबाई म्हणाली.

"दवाखान्यात तू काय सांगितलंस?"

तुळजाबाईनं सांगितलं. संस्कृतीनं मोबाइल बाजूला ठेवला. "सीरियसली, आई? त्यानं बाबांना उडवलं आणि तू म्हणालीस तोल गेला?"

"जावई हाय त्यो."

"आपला नाही!"

"भावकीचा म्हंजे आपलाच की गं. तुला काय कळतं त्यातलं?"

पोरगी पाय आपटत निघून गेली. तुळजाबाई चुलीपुढे बसून राहिली. आपण चुकलो हे तिला त्याच क्षणी कळलं होतं, आणि आपण दुसरं काय करू शकलो असतो हे काही केल्या कळत नव्हतं. त्या दोहोंनी तिचं डोकं पिकलं.

चौकीतला हवालदार चहा पीत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा फोनही घेतला. मग दवाखान्याचा कागद वाचला.

"अपघात कधीचा?"

"धोंड्यातला."

"आणि आपण आज येताय. बरोबर आहे, घाई करू नये माणसानं." त्यानं कागद परत दिला. "बाई, इथे तर स्वतः पडले म्हणून लिहिलंय. सांगितलं कुणी?"

"मीच."

"मग आता मी आरोपी कुणाला करू? सायकलीला?"

आतल्या टेबलावरचा एक जण हसला.  तुळजाबाई म्हणाली, "साहेब, पाव्हण्याला कसं चौकीत आणायचं म्हणून बोलले तसं. माझी चूक झाली. पण गाडीनंच उडवलं. गाडीत आमच्या भावकीची पोर व्हती. तिला इचारा."

"ती कोण?"

"त्यांची बायको."

"वा," हवालदार म्हणाला. "नवऱ्याविरुद्ध बायको साक्ष देणार. बरं, तुम्ही अर्ज देऊन जा. बघू आम्ही." अर्ज संस्कृतीनं लिहिला. हवालदार त्यावर शिक्का मारून देईना. उद्या या म्हणाला. उद्या गेल्या तर तो बंदोबस्ताला गेलेला. परवा गेल्या तर साहेब नाहीत. प्रत्येक खेपेला त्या दिवसाची भाजी रानातच राहायची, आणि बांधावरून बघणारा संपत म्हणायचा, "आगं जाऊ दे ना आता."

"जाऊ दे म्हणू नगा," ती म्हणायची. "जाऊ दे म्हणूनच हितवर आलो."

मग संस्कृतीच्या मैत्रिणीच्या ओळखीनं शिवाजीनगर कोर्टाजवळ एक वकील मिळाले, एजाज शेख. गल्लीत पहिल्या मजल्यावर छोटी खोली, पंखा खडखडणारा. माणूस तुटक बोलायचा, पण त्यांनी संपतला आधी बसायला उंच खुर्ची दिली, म्हणून तुळजाबाईला ते आवडले. बसमध्ये संपतचा पाय सीटमध्ये मावला नव्हता, वाघोलीपासून तो दांडीला धरून उभा आला होता.

"दावा दाखल होतो," वकील म्हणाले. "पोलीस घेत नसतील तर कोर्टातून घ्यायला लावू. पण मुदत असते, झोपून राहू नका. आणि गाडीनंच ठोकलं हे दाखवायला काहीतरी पाहिजे. वळणावर कॅमेरा?"

"सोसायटीचा आहे," संस्कृती म्हणाली. "पण रेकॉर्डिंग महिन्यानं पुसलं जातं."

"सायकल कुठाय?"

"घरी हाय," तुळजाबाई म्हणाली. "मागचं चाक वाकलंय."

"मडगार्डवर गाडीचा रंग लागलेला असेल. पांढरी गाडी ना? सायकल कोणती?"

"हिरवी." तुळजाबाई बोलता बोलता थांबली. मागच्या मडगार्डवर, वीतभर, पांढरा पट्टा होता. चांगला ठसठशीत. तिनं खाली मान घातली. "दसऱ्याला घासली मी."

"काय केलंत?"

"खंडेनवमीला हत्यारं पुजतो की आमी. खुरपं, इळा, सायकल. घाण सायकल पूजेला कशी ठेवायची? काथ्यानं घासली, राखेनं. निघंना तर पाटाच्या दगडानं घासली."

 वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काकू," ते म्हणाले, "त्यांच्या बाजूनं एखादा वकील लावला असता तरी त्यानं इतकं काम केलं नसतं."

संपत हसला. कितीतरी दिवसांनी हसला, आणि तुळजाबाईला इतका राग आला की तिनं तिथेच त्याला गप्प बसवलं. मग वकील म्हणाले, आता एकच उरलं. गाडीत जी होती तिनं बोललं पाहिजे. तिचं नाव साक्षीदार म्हणून घालायचं का ते ठरवा आणि सांगा. तुळजाबाई म्हणाली, ईचार करून सांगते.

वस्तीवर बातमी पोचायला वेळ लागत नाही. तुळजाबाई चौकीत गेली, वकिलाकडे गेली, जावयावर केस करणार, हे नळावर, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे झालं. प्रेमला शेवग्याच्या झाडाच्या अलीकडे यायची बंद झाली. शेंगा काढायला आली तर पाठ करून उभी राहायची. बचतगटाच्या बैठकीत एकीनं ऐकवलं, "काहींना दुखण्याचा पण धंदा करता येतो." तुळजाबाईनं तिला तिथल्या तिथे उत्तर दिलं, आणि घरी येऊन रडली.

दिवाळसणाला जावई येणार होता. त्याच्या आदल्या दिवशी श्रीधर येऊन ओट्यावर बसला. "दादा, घरातलं घरात मिटवू. उद्या मारुतीपुढं या. पाव्हण्यांनी तुमच्यासाठी घेतलंय काहीतरी. चार माणसांत मान करत्यात तुमचा."

"पायाचं काय?" तुळजाबाईनं आतून विचारलं.

"वहिनी, उद्या बोलू की सगळं."

संपतला त्या बोलण्यात आशा वाटली. तुळजाबाईलाही वाटली, तिनं कबूल केलं नाही इतकंच. तिनं त्याचा लग्नातला सदरा काढला आणि स्वतः कडक घडी मोडून त्याच्या अंगात घातला. पायजम्याची डावी बाजू घालताना नेहमीसारखा घोळ झाला.

मारुतीपुढच्या कट्ट्यावर सतरंजी अंथरली होती. झेंडूची तोरणं, आकाशकंदील. माणसं खाली बसली होती. संपतला खाली बसता येईना म्हणून एकट्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. सगळ्यांच्या डोक्यावर तो एकटाच बसला, जणू सत्कार आहे, आणि अवघडून पायाकडे बघत राहिला. बायका देवळाच्या भिंतीला. त्यांत कल्याणी, हिरव्या साडीत. तिला दिवस गेलेत, हे तुळजाबाईला बघताक्षणी कळलं. कल्याणीनं मान वर केली नाही.

श्रीधरनं इशारा केला. देवळामागून दोघांनी ढकलत आणली ती सायकल होती. नवी, लाल, गिअरची, हँडलला हार आणि कुंकवाचं बोट.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"काका, तुमची सायकल माझ्यामुळे... म्हणजे खराब झाली," शुभंकर म्हणाला. "ही माझ्याकडून. एकदम टॉपची आहे." मग त्यानं एक छापील कागद श्रीधरकडे दिला आणि श्रीधरनं तो संपतपुढे धरला. आमची काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही, असं त्यावर होतं.

"सही करा दादा, आन् मग एक फोटो होऊ द्या."

"फोटो आधी!" मागून कुणी ओरडलं. "बस की संपतराव, बसून दाखव!"

संपत नको नको म्हणत होता. पण चार माणसं म्हणायला लागली की हा माणूस नाही म्हणू शकत नाही, जन्मात कधी म्हणाला नाही. दोघांनी त्याला उठवलं. सायकल धरली. त्यानं उजवा पाय टाकून सीटवर बूड टेकवलं, डावा पाय पेडलवर ठेवायला गेला. गुडघा वाकला नाही. पाय ताठ बाहेर राहिला. शुभंकरनं फोन वर धरला होता. धरणाऱ्यानं फोटोत येऊ नये म्हणून हात सोडला, आणि संपत सायकलसकट आडवा झाला. हार तुटून झेंडू पसरले. हसू आधी फुटलं, मग लोक धावले.

शुभंकर शेजारच्याला हळूच म्हणाला, "बघितलंत ना? तोल जातो त्यांचा."

हळू म्हणाला, पण तुळजाबाईनं ऐकलं. ती माणसांमधून सरळ गेली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो तिनं सावरला नाही. आधी तिनं संपतला बसतं केलं, कोपर फुटलं होतं ते पदरानं पुसलं. मग उभी राहिली.

"आज पडले," ती म्हणाली. "हे पडणं. समद्यांनी बघून घ्या, पडणं असं असतं. त्या दिवशी न्हवते पडले. त्या दिवशी तुझ्या गाडीनं पाडलं."

"काकू, आपण शांतपणे—"

"मी दवाखान्यात खोटं बोलले. तुझे हात कापत व्हते म्हणून बोलले. तुझ्या सासूनं पाय धरले म्हणून बोलले. त्याचं तू मला हे दिलंस? ज्या माणसाचा पाय वाकत न्हाई त्याला सायकल?"

जावयाला अरेतुरे केलेलं वस्तीनं पहिल्यांदाच ऐकलं. श्रीधर "वहिनी, वहिनी" करत मध्ये आला. तुळजाबाईनं भिंतीकडे बघितलं. "कल्याणे, तू सांग. तू फुडच्या शीटवर व्हतीस."

सगळे वळले. कल्याणीचे ओठ हलले. प्रेमलानं तिचा दंड धरला होता. कल्याणीनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि खाली बघितलं.

तुळजाबाईनं खाली पडलेला कागद उचलला, श्रीधरच्या खिशात कोंबला. लाल सायकल उभी केली. "ही राहू दे. माझी पाटी वाहायला व्हईल. कागद घेऊन जा." आणि एका हातानं सायकल, एका हातानं नवरा असं धरून ती घरी निघाली. वाटेत संपत म्हणाला, "लई बोललीस." ती म्हणाली, "कमीच बोलले."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच शिवाजीनगरला गेली आणि वकिलांना जे सांगायचं ते सांगून आली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती सोसायटीला निघाली. तिला सायकल चालवता येत नाही. कॅरेजला पाटी, हँडलला पिशव्या, आणि ती आपली सायकल ढकलत कडेकडेनं चाललेली. भाजीच्या ओझ्यानं सायकल सारखी रस्त्याच्या बाजूला ओढ घ्यायची. शाळेच्या वळणाला मागून हॉर्न वाजला. ती कडेला झाली नाही. कडेलाच होती ती.

पांढरी गाडी पुढे जाऊन थांबली. कल्याणी उतरली. शुभंकर आतच, समोर बघत. कल्याणी पोटाला हात लावून मागे चालत आली.

"काकू," ती म्हणाली, आणि रडायला लागली. "हे फोनवर बोलत होते. मी बघितलं सगळं. नाना कडेनं चालले होते. मला रोज झोप नाही."

"मग परवा का न्हाई बोललीस?"

"कसं बोलू? माझे दिवस असे. मी सांगेन काकू, तुमची शपथ. फक्त बाळंतपण होऊ दे. मग मी स्वतः येते."

तुळजाबाईनं तिच्याकडे बघितलं. पोरीचं तोंड सुकलेलं, डोळ्यांखाली काळं. खाणं अंगी लागत नाहीये. बाळंतपण झाल्यावर बारसं असेल, मग पोराचं दूधपाणी, मग परदेश. पोटात पोर असताना जी बोलत नाही ती मांडीवर पोर आल्यावर बोलणार नाही, हे तुळजाबाईला पक्कं माहीत होतं. तोवर संपतच्या पायाचं वर्ष सरून जाईल.

"काल तुझं नाव लिहून आले मी," ती म्हणाली. "साक्षीदार म्हणून. कोर्टाचा कागद तुझ्या सासरी यील. तू बाळंत झालेली असशील न्हाई तर नसशील."

कल्याणीचं रडणं थांबलं. "काकू, माझ्या सासूबाई मला घरात ठेवणार नाहीत."

"मला ठाव हाय."

"तरी तुम्ही..."

"व्हय. तरी."

गाडीतून हॉर्न वाजला. कल्याणी हलली नाही. दोघी तशाच उभ्या, मध्ये लाल सायकल. कल्याणी खूप लहान असताना अशीच उभी राहायची, मार खाऊन आली की, काहीतरी हातावर मिळेपर्यंत. तुळजाबाईचा हात आपोआप गोणपाटाखाली गेला. तिनं शेपूची जुडी काढली, चांगली बघून, पाणी झटकलं. पोटुशी पोर समोरून जाताना तिला रिकामी कशी धाडायची? हा आपलाच हात, त्या दिवशी पदर पुढे ओढणारा, मडगार्ड घासणारा, आज परत शेपू काढतोय. तिला त्या हाताचा विलक्षण संताप आला. पण हात थांबला नाही.

तिनं जुडी कल्याणीच्या ओटीत घातली. "मुगाची डाळ घालून कर. अंगावर दूध यील."

"काकू, ते नाव..."

"नाव राहील," तुळजाबाई म्हणाली आणि सायकल ढकलायला लागली. सोसायटीच्या गेटवर बायका वाट बघत असतील, आणि ऊन चढलं की कोथिंबीर मान टाकते.